डाव्या मुठीतले काटे

आमच्या घरी सकाळ व्हायची ती कात्रीच्या आवाजाने. कट्ट, मग जरा थांबणं, पुन्हा कट्ट. अण्णा, म्हणजे माझे वडील, दवानं भिजलेल्या गुलाबाच्या ओळींतून वाकून चाललेले असायचे आणि तो आवाज मळ्याच्या पार टोकाकडून हळूहळू घराकडे येत जायचा. मखमलाबादच्या अलीकडे आमचा जेमतेम पोटापुरता मळा होता. अर्ध्यात गुलाब, उरलेल्यात मेथी, कोथिंबीर, दसऱ्याच्या आधी झेंडू. आता तिथे इमारती आहेत. मी तिकडून जाते तेव्हा रिक्षावाल्याशी उगाच काहीतरी बोलत राहते, बाहेर बघत नाही. पण डोळे मिटले की अजून तो वास येतो, ओल्या गोणपाटाचा आणि कापलेल्या देठांचा. फुलांचा वास असा फार नसायचा. ज्यांच्या घरी फुलं असतात त्यांना फुलांचा वास येत नाही, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही.

फुलं ओट्यावर आली की आईचं काम सुरू व्हायचं. एकेका दांडीचे काटे काढायचे, गड्डी करायची, केळीच्या भिजवलेल्या सोपटाने बांधायची आणि टबातल्या पाण्यात उभी करायची. काटे काढायची सगळ्यांची रीत एकच. डाव्या मुठीत गोणपाटाचा तुकडा घ्यायचा, त्यात दांडी धरायची आणि उजव्या हाताने फुलाशी पकडून सर्रकन ओढायची. काटे मुठीत राहतात, दांडी गुळगुळीत होऊन बाहेर येते. फक्त आईच्या मुठीत गोणपाट नसायचं. ती उघड्या मुठीतून दांडी ओढायची. पूर्वी तीही गोणपाट घ्यायची, हे मला आठवतं. मग कधीतरी तिने ते सोडून दिलं. तिच्या हाताला चपळाई आली, ढीग लवकर उरकायला लागला आणि आम्हा सगळ्यांना त्याचं कौतुक वाटायला लागलं. फुलबाजारातले व्यापारी भिका मामा कधी मळ्यावर आले की ओट्याच्या कडेला उकिडवे बसून बघत राहायचे.

"वहिनी, तुमच्या हाताला काटा भितो काय?"

"भिणारच. मी माळ्याची सून हाय," आई म्हणायची.

"आमच्या लेकीला सांगा जरा. सुई टोचली तरी गल्ली गोळा करती."

"तिला शहरात दिली ना तुम्ही. आमच्यासारखी मळ्यात द्यायची होती."

आणि मग ती हसायची. आईचं हसणं आधी खांद्यात यायचं, मग तोंडावर. भाकरी थापतानाही तसंच. चूल घराच्या मागच्या पडवीत होती. तव्यावरची भाकरी ती डाव्या हाताने उचलायची, निखाऱ्यापाशी उभी करायची, फिरवायची, फुगली की त्याच हाताने टोपलीत टाकायची. चिमटा खुंटीला गंजत पडला होता. बाजरीची गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. शाळेत माझा डबा उघडला की दोघी-तिघी सरकून जवळ यायच्या. मी त्यांना अभिमानाने सांगायचे, "माझी आई विस्तवात हात घालते. तिला काही होत नाही."

दहावीला आम्हाला विज्ञानाला कुलथे बाई होत्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि पुस्तकाबाहेरचं सांगायची हौस. चेतासंस्थेचा धडा त्यांनी फळ्यावर एक माणूस काढून सुरू केला. मेंदू, त्याच्याखाली पाठीच्या मणक्यांतून उतरणारा मेरुरज्जू, आणि त्याच्यापासून हातापायांच्या टोकापर्यंत गेलेले धागे. काही धागे बातमी आत नेतात, काही हुकूम बाहेर आणतात. बाई म्हणाल्या, "वायरमधून वीज धावते तशी ही बातमी धावत नाही बरं का. त्या धाग्याच्या भिंतीला बारीक बारीक दारं असतात. एक दार उघडतं, बाहेरचा क्षार आत येतो, त्याच्या धक्क्याने पुढचं दार उघडतं. मग त्याच्या पुढचं." बाकीच्या मुली कंटाळल्या होत्या. मला मात्र ते एकदम दिसलं. रविवारी अण्णांबरोबर मी मळ्यात दारं धरायला जायचे. पाटाचं पाणी एका वाफ्यात भरलं की खोऱ्याने माती ओढून पुढच्या वाफ्याचं तोंड मोकळं करायचं, मग त्याच्या पुढच्या. पाणी काही पळत जात नाही. दार उघडेल तसं पुढे सरकतं. मध्ये एक दार बुजलं तर शेवटचा वाफा कोरडा राहतो आणि वरच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला ते कळतही नाही.

मग बाईंनी प्रतिक्षिप्त क्रिया सांगितली. तापलेल्या भांड्याला हात लागला तर मेंदूला विचारायला वेळ नसतो. बातमी मेरुरज्जूपर्यंत जाते आणि तिथूनच हुकूम सुटतो. हात आधी मागे येतो, 'भाजलं' हे नंतर कळतं. मी हात वर केला. "बाई, ज्यांना सवय असते त्यांचा हात नाही येत मागे." बाई म्हणाल्या, "सवयीने माणूस सोसतो गं, पण कळतं त्यालाही. कळतच नसेल तर ती सवय नव्हे." त्या लगेच पुढच्या आकृतीकडे वळल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. माझ्या मात्र डोळ्यांपुढे आईचा डावा हात आला.

त्या दिवशी घरी करायला एक प्रयोग दिला होता. केसांची पिन वाकवून तिची दोन टोकं शेजारी आणायची. घरातल्या माणसाला डोळे मिटायला सांगून कधी एक टोक टेकवायचं, कधी दोन्ही, आणि विचारायचं किती टोकं लागली. पाठीवर माणूस चुकतो, बोटांच्या टोकांवर चुकत नाही, कारण तिथे चेतांची दाटी असते. अण्णांनी दोन मिनिटं करू दिलं आणि "हे काय शिकवतात शाळेत" म्हणून उठून गेले. आई मात्र मांडी घालून समोर बसली. पदराने तोंड पुसून, फोटो काढायला बसावं तशी. उजव्या हाताची सगळी उत्तरं तिने बरोबर दिली. डाव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोटही बरोबर. करंगळीवर मी पिन टेकवली आणि वाट पाहिली.

"टेकव की गं," आई म्हणाली.

पिन टेकलेलीच होती. मी जरा दाबली. कातडी आत गेली, पांढरी पडली. आई डोळे मिटून तशीच हसऱ्या तोंडाने बसलेली. मग तिला माझ्या गप्प बसण्यातून काहीतरी समजलं असावं. तिने पापणीची फट केली, खाली बघितलं आणि झटकन म्हणाली, "दोन. दोन टोकं हायत."

"आई, तू बघितलंस."

"नाय बघितलं. दोनच हायत ना? मग झालं तर. पास कर मला."

मी तिला पास केलं. तिचा हात माझ्या मांडीवर होता. दंडाच्या खाली, कोपराजवळ रुपयाहून मोठा एक फिकट डाग होता, तो त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिला. ती त्याला शिबं म्हणायची आणि लिंबाची फोड चोळायची. माझ्या शाळेच्या वाटेवर एका भिंतीवर निळ्या अक्षरात रंगवलेलं होतं की अंगावर फिकट, बधिर, न खाजणारा चट्टा असेल तर तो कुष्ठरोग असू शकतो, लवकर उपचार घ्या, औषध मोफत मिळतं. रोज येता-जाता वाचून ते मला पाठ होतं. त्या भिंतीपुढे आम्ही पेरू विकत घ्यायचो.

इथपर्यंत लिहून मी बरेच दिवस थांबले होते. पुढचं लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. पण मग हे प्रकरण लिहिण्यात काही अर्थ राहत नाही.

मला कळलं होतं, आणि मी बोलले नाही. आषाढ लागायच्या सुमारास कळलं होतं. संबंध पावसाळा गेला, दसरा गेला, थंडी पडली, तरी मी बोलले नाही. पोरवय होतं, समजत नव्हतं, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. समजत होतं. भिंतीवर 'औषध मोफत मिळतं' असं लिहिलेलं मी वाचलं होतं. पण मला दुसरंही ठाऊक होतं. आईचं माहेर विंचूरकडचं. तिची एक चुलती होती, तिला हा रोग झाला तेव्हा घरच्यांनी तिची वळकटी कांदे साठवायच्या चाळीत नेऊन टाकली. आई तेव्हा लहान होती. बांधावर भाकरी ठेवून यायचं काम तिच्याकडे होतं. ठेवायची आणि मागे न बघता पळायची. कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता तिने मला हे एकदा सांगितलं होतं, आणि म्हणाली होती, "ती हाक मारायची गं, थांब म्हणायची. मी नाय थांबले." मग तिने पुढची जुडी बांधायला घेतली. रामकुंडाकडे गेलो की घाटावर हाताला चिंध्या बांधून बसलेली माणसं दिसायची. आई तिथे पावलं भरभर उचलायची, माझा दंड घट्ट धरून. मला वाटायचं, मी तो शब्द तोंडातून काढला की आई त्या ओळीत जाऊन बसेल. शब्द काढला नाही तर ती ओट्यावरच राहील.

म्हणून मी दुसरंच काहीतरी करत बसले. शाळेत जायच्या आधी लवकर उठून काटे काढायला लागले. गरम पातेली तिच्या आधी पुढे होऊन उतरवायची. तिच्या डाव्या बाजूला बसायचं. चिमटा घासून लख्ख केला आणि रोज तिच्या उजव्या हाताशी ठेवला. आई अण्णांना सांगायची, "पोरगी शहाणी झाली बघा. आता स्थळं बघा." अण्णा म्हणायचे, "दहावी तर होऊ दे. नाहीतर सासू म्हणायची, नुसते काटेच काढता येतात." मी हसायचे. हसता यायचं, हे सांगताना आज लाज वाटते. आईची करंगळी हळूहळू आत वळायला लागली होती, तिच्या शेजारचं बोटही. तळहाताची बाहेरची कड बसली होती. कोथिंबिरीची जुडी बांधताना सोपटाचं टोक तिच्या हातातून निसटायचं आणि ती त्या सोपटालाच शिव्या द्यायची.

मग तो दिवस आला. मार्गशीर्षातला गुरुवार होता. फुलांना भाव होता, टब गुलाबांनी भरलेले, अण्णा लुना पुसून तयार ठेवत होते. आई पडवीत भाकऱ्या करत होती. बाजारात एका गिऱ्हाईकाने भिका मामांना कसं बनवलं, ते ती मला रंगवून सांगत होती. तिला नकला छान यायच्या. सांगता सांगता तिने डावा हात तव्याच्या कडेला टेकला. भाकरी उचलायला नव्हे, नुसता टेकला, दाराच्या चौकटीला टेकावा तसा. माझा हात माझ्या नकळत मागे गेला. तिचा नाही. ती बोलत होती. "मग तो म्हणतो कसा, मामा, ही फुलं कालची दिसतात..." तिचे खांदे हलायला लागले होते, आता हसू तोंडावर येणार होतं, आणि मला वास आला.

मी तिचा हात ओढला. ती दचकली ती माझ्या ओढण्याने. "काय गं, काय झालं?" म्हणाली. मग माझी नजर गेली तिकडे तिने पाहिलं. हाताची कड पांढरी होऊन वर आली होती. ती जखमेकडे पाहत राहिली, दुसऱ्या कुणाची असावी तशी. मी रडत नव्हते. मी म्हणाले, "आई, तुला कळत नाही. तुला या हाताचं काही कळत नाही. तो डाग शिबं नाहीये." पुढचा शब्द मला म्हणावा लागला नाही. तो तिला माझ्याआधीपासून ठाऊक असावा. तिने तवा उतरवला, उजव्या हाताने. चुलीतलं लाकूड मागे ओढलं. पदर नीट केला आणि अण्णांना हाक मारली, "अहो, फुलं राहू द्या. मला दवाखान्यात न्या."

गुलाब टबात तसेच राहिले. घरात त्याआधी असं कधी झालं नव्हतं, आजोबा गेले त्या दिवशीसुद्धा फुलं बाजारात गेली होती.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी आधी भाजलेलं बांधलं, मग आईला डोळे मिटायला सांगून कापसाचं टोक हातावर फिरवलं. आईने पुन्हा पापणीची फट केली. डॉक्टरीण हसल्या. "ताई, इथे मार्क नाहीत मिळत. खरं सांगा." मग त्यांनी कोपराच्या मागची जागा चाचपली, जिथे काही आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. माझं बोट धरून तिथे ठेवलं. कातडीखाली सुतळीसारखं काहीतरी जाड, कडक लागलं. "ही चेता," त्या म्हणाल्या. "हा जंतू हिच्या आवरणात घर करतो. मग बातमी पुढे जात नाही." त्यांनी अण्णांना समजावून सांगितलं, रोग बरा होतो, गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही, ताट-वाटी वेगळी करायची नाही, अंथरूण वेगळं करायचं नाही. अण्णा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "बोटं सरळ होतील ना?" डॉक्टरीण म्हणाल्या, "जंतू मरेल. चेतेचं जे गेलं ते परत येईलच असं नाही. तुम्ही पावसाळ्यात आला असतात तर वेगळं सांगितलं असतं." त्यांनी ते कुणाला दोष द्यायला म्हटलं नव्हतं. आमच्याकडे पाहूनही म्हटलं नव्हतं, त्या लिहीत होत्या. माझं बोट अजून आईच्या कोपरावर होतं.

घरी आल्यावर मला जी भीती होती तसं काहीच घडलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. वळकटी कुठेही गेली नाही. अण्णा हा फार बोलणारा माणूस नव्हता. पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने न घेणारा. त्या संध्याकाळी ते आईच्या ताटात जेवायला बसले. आई म्हणाली, "अहो, जरा दमानं. लोक काय म्हणतील?" ते म्हणाले, "लोक नाहीत इथं. भाकरी वाढ." दुसऱ्या दिवसापासून गोणपाटाचा तुकडा त्यांनी आपल्या मुठीत घेतला. त्यांना ते काम जमत नव्हतं, निम्म्या फुलांच्या माना मोडायचे. भिका मामांनी विचारलं, "काय अण्णा, वहिनी रुसल्या का?" तर म्हणाले, "तिला बढती मिळाली. आता ती मुकादम हाय."

गोळ्यांच्या पाकिटातला महिन्याचा पहिला डोस मोठा असायचा. तो घेतल्यावर लघवी लाल होते, हे आईला सांगायचं राहून गेलं होतं. ती मोरीतून बाहेर आली ती पांढरीफटक होऊन आणि अण्णांना म्हणाली, पोरीला सांभाळा. खरं कळल्यावर दोघं इतकी हसली की अण्णांना ठसका लागला. त्या औषधाने तिचा रंग काळवंडला. शेजारच्या बायकांना ती सांगायची, "उन्हानं." रोज दिवेलागणीला अण्णा पाटीत कोमट पाणी घेऊन तिच्यापुढे बसायचे. हात भिजवायचे, खोबरेल लावायचे, आत वळलेली बोटं एकेक करून हलकेच सरळ ओढायचे आणि दिव्याजवळ नेऊन हात उलटसुलट करून पाहायचे, कुठे चिरलंय का, भाजलंय का. हाताने सांगायचं बंद केलं होतं, म्हणून ते डोळ्यांनी विचारायचे. मी समोर अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसलेली असायचे. माझ्या आयुष्यात मी त्यांना आईचा हात हातात घेताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

औषध संपलं, रोग गेला, तो आजतागायत परत आला नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र वळलेलीच राहिली. मी पुढे विज्ञान घेतलं नाही. विम्याच्या कचेरीत चिकटले, लग्न केलं, मुलं झाली. अण्णा गेले. मळा गेला. आई आता माझ्याकडे असते. उजव्या हाताने भाजी निवडते, आणि गॅसजवळ गेली की आधी डाव्या हाताकडे बघते, लहान मूल कुठे आहे ते बघावं तसं.

गेल्या वर्षी मी तिला सांगितलं. दुपारची वेळ होती, ती मेथी निवडत होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. पिन दाबली होती इथपासून सगळं सांगितलं. आषाढापासून ठाऊक होतं, भीती वाटली, बोलले नाही, तुझी बोटं माझ्यामुळे गेली. मी इतकी वर्षं हे कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा. आई ऐकत होती. तिचा हात थांबला नाही.

"त्यात काय," ती म्हणाली. "तू सांगितलं असतंस तरी मी गेले नसते. पुढं दसरा होता. झेंडू सोडून कोण जातंय?"

मी म्हणाले, "आई, ज्या दिवशी सांगितलं त्याच दिवशी तू गेलीस. गुलाब टबात टाकून."

"ते पोळलं होतं म्हणून."

"पोळलेलं तुला कळत नव्हतं."

तिचा हात तेव्हा थांबला. एक काडी घेऊन तिने ती उगाच मोडली, पुन्हा मोडली. माझ्यासाठी खोटं बोलायला ती निघाली होती, आणि मी तिला तेही नीट करू दिलं नव्हतं. 

"तुझं तोंड बघितलं ना मी," ती म्हणाली. "म्हणून गेले."

मी उठून पाणी प्यायले. ते तोंड मी सगळा पावसाळा तिच्यापासून लपवून ठेवलं होतं.